जवळच्या मजल्यावरचा सोलो

शेवटी रविवारची दुपार आमच्या बँडलाच मिळाली. सभागृह समितीच्या सचिवांनी स्वतःच्या पेनाने सही केली आणि टेबल टेनिस मंडळ आपलं अर्धं टेबल उचलून आल्या वाटेने परत गेलं.

वरचा परिच्छेद आपण वाचलेला नाही असं कृपया समजा. अजून काहीही झालेलं नाही. सही झालेली नाही, टेबल आलेलं नाही आणि सचिव दोन्ही पायांवर जमिनीवर उभे आहेत. मला सुरुवातीपासून सांगू द्या.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. या कामात चढउतार फार असतील नाही, हा विनोद मला आतापर्यंत चारशे लोकांनी ऐकवला आहे, तेव्हा तुम्ही नाही केलात तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी मी गिटार वाजवतो. आमचा चौघांचा बँड आहे. ड्रमवर दातांचे डॉक्टर. ते इतक्या हलक्या हाताने वाजवतात की ड्रमला आधी भूल दिली असावी असं वाटतं. बेसवर पोस्टमन. त्यांचा प्रत्येक सूर किंचित उशिरा येतो, पण योग्य पत्त्यावर येतो. आणि दुसऱ्या गिटारवर माझी मावशी. आईची धाकटी बहीण. बँड तिचा, गाणी तिची, आणि चौथ्या मजल्यावरच्या सभागृहातली रविवारची तीन ते पाचची वेळही अकरा वर्षांपासून तिचीच.

सोलोही तीच घ्यायची. मग तिच्या डाव्या हाताचं एक बोट वाकेनासं झालं. तिने ते आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिला आ करायला लावलं आणि दात उत्तम आहेत म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, कॉर्ड धरा, पण बोटांची पळापळ बंद. असा तो सोलो माझ्याकडे आला. मोठ्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर येतो तसा. बाह्या लांब, खांदे रुंद, आणि सगळे म्हणणार, होईल रे बरोबर हळूहळू.

बरोबर होत नव्हतं. मला एकच स्केल येत होतं. पाच सुरांचं. गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा घोस, बदलली तरी मी त्याच पाच सुरांत फिरायचो. खाली अख्खं गाणं दुसऱ्या गल्लीत वळायचं आणि मी पहिल्याच गल्लीतल्या एका अनोळखी घराची बेल पूर्ण आत्मविश्वासाने वाजवत उभा.

सभागृहाच्या दाराशी सुतळीने बांधलेली तक्रारवही आहे. तिच्यात एके रविवारी नोंद आली: 'गिटारवाला गाण्याच्या मध्यावर हरवतो. कृपया कोणीतरी शोधावे.' पुढच्या रविवारी त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'अजून सापडलेला नाही.'

समिती जागी झाली. तिसऱ्या आठवड्यात सचिवांचं पत्र आलं. टेबल टेनिस मंडळाने रविवारची दुपार मागितली आहे. तरी येत्या रविवारी बँडने समितीसमोर एका गाण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. गिटार हरवल्यास वेळ मंडळाला देण्यात येईल.

मावशीने पत्राची घडी घालून गिटारच्या पेटीत ठेवली. तिच्या आठवड्यात रविवार सोडला तर बाकीचे वार नुसते वाट बघायला होते, हे मला माहीत होतं. सोमवारी ती तारा पुसायची. मंगळवारी पुसलेल्या तारा पुन्हा पुसायची.

त्याच संध्याकाळी तिने मला समोर बसवलं.

"तू एक्स्प्रेस आहेस," ती म्हणाली. तेव्हापासून माझं नावच एक्स्प्रेस पडलं. "मजल्यांवर लोक हात करून उभे आहेत आणि तू सुसाट."

"मग थांबू कुठे?"

"दार असेल तिथे."

इथे एक सांगायला हवं. मावशीने तीस वर्षं एका सात मजली दुकानात लिफ्ट चालवली. निळा गणवेश, पांढरे हातमोजे, आणि दर मजल्याला खणखणीत आवाजात घोषणा. त्या दुकानाला तळमजला नव्हता. मालकांना तळ हा शब्द आवडत नसे. रस्त्यावरून आत शिरलं की थेट पहिला. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मावशी सात मजल्यांतच समजावते. माझ्या आईला तिने बाळंतपणही तसंच समजावलं होतं म्हणे.

"कॉर्डमध्ये सूर किती?" तिने विचारलं.

"या गाण्यातल्या कॉर्डमध्ये चार."

"म्हणजे चार मजल्यांना दारं आहेत. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. मधल्या मजल्यांवरून जायला कुणाचीच ना नाही. पण मध्येच थांबून दार उघडलंस, तर समोर भिंत."

मग ती उठून उभी राहिली, पाठ ताठ केली आणि घोषणा देऊ लागली.

"पहिला मजला! भांडीकुंडी, बादल्या, घरचं सामान. इथे आलं की घरी आल्यासारखं वाटतं, पण नवीन काही दिसत नाही. तिसरा मजला! कपडे. कॉर्ड खुशीत आहे की रडवेली, ते इथेच कळतं. पाचवा मजला! खुर्च्या, पलंग. बसा निवांत, बिघडत काही नाही. सातवा मजला! खेळणी. इथे कुणी शांत उभं राहत नाही, सारखं पुढे कुठेतरी जायचं असतं."

"आणि कॉर्ड बदलली की?"

"दुकान बदललं."

"मग पुन्हा सगळं नवीन शिकायचं?"

"छे रे! आपल्या गाण्यात ए सेव्हनवरून डी सेव्हनवर जाताना बाकी सगळा जिना तोच राहतो. फक्त एक पायरी सरकते. सी शार्पची सी होते. एक फ्रेट खाली, बोटभर अंतर. ती एक पायरी सांभाळलीस की स्केल बदललंच म्हणून समज. ई सेव्हन आली की ती परत वर जाते आणि जीची जी शार्प होते. संपलं. लोक याच्यावर जाडजाड पुस्तकं लिहितात!"

मला पटलं. मी जोमाने कामाला लागलो, आणि हरवणं बंद झालं. आता कॉर्ड बदलली की मी हातातलं सगळं टाकून नव्या कॉर्डच्या पहिल्या मजल्याकडे धाव घ्यायचो. तो कधी आठ फ्रेट लांब असायचा, कधी तीन तारा पलीकडे. मी पोचायचो. पण मी पोचेपर्यंत कॉर्ड पुन्हा बदललेली असायची.

पोस्टमन सरावानंतर म्हणाले, "पत्ता बरोबर आहे हो तुमचा. पण घरातले लोक निघून गेलेले असतात."

"अरे, जवळच्या दाराने शिर की!" मावशी कपाळाला हात लावून म्हणाली. "कशाला दर वेळी रस्त्यावर उतरून पहिल्यापासून चढतोस?"

मी मान डोलावली. मान डोलावताना मी कधीच ताल चुकत नाही. कळलं मात्र काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळी सभागृहाच्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे होती. माझ्या यादीतली ती सर्वांत म्हातारी लिफ्ट. मजला आला की तिची घंटा वाजते, आणि ती घंटा अचूक ई फ्लॅट आहे. हे मी ट्यूनर लावून तपासलं आहे. कामाच्या वेळेत तपासलं, हे कंपनीला सांगू नका. ई फ्लॅट आमच्या गाण्यात कुठेच नाही. ए सेव्हनमध्ये नाही, डी सेव्हनमध्ये नाही, ई सेव्हनमध्ये नाही. म्हणजे दर रविवारी कुणी उशिरा आलं की गाण्यात शिंक आल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या मजल्यावर दाराची खाच साफ करून मी पाच मिनिटं सरावाला बसलो. गिटार गाडीत होती, म्हणून लिफ्टच्या दारावरच बोटं फिरवत होतो, उजव्या हातात पिक धरून. पिक म्हणजे तारा छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती. माझी हिरवी आहे. तेवढ्यात कंपनीतून फोन आला, मी उठलो, कागदावर 'सर्व ठीक' अशी सही केली आणि गेलो. संध्याकाळी पिक सापडेना. मी घर उलटंपालटं केलं. आईच्या बटणांच्या डब्यातही पाहिलं. तिथे एक लिफ्टचं बटण सापडलं, पण त्याचा खुलासा इथे नको.

रविवारी आम्ही अडीचलाच वर जाऊन मांडामांड केली. तीन वाजले. सचिव आले नाहीत. तीन वाजून चार मिनिटांनी जिन्याच्या बाजूने एक बारीक, दूरचा, पण अत्यंत अधिकृत आवाज आला.

"आम्ही अडकलो आहोत! याची नोंद घ्यावी!"

सचिव लिफ्टमध्ये होते. त्यांच्यासोबत टेबल टेनिस मंडळाचे अध्यक्षही होते. एकमेकांशी बोलत नसल्याचं दाखवता यावं म्हणून दोघं एकत्रच आले होते. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये थांबली होती.

मी खाली धावलो. दुसऱ्या मजल्यावर दाराच्या खाचेत काहीतरी हिरवं चमकत होतं. लिफ्ट पुढे सरकताना हादऱ्याने दार त्याच्यावर चढून केसभर उघडलं होतं. आणि कुठलंही दार केसभर जरी उघडं राहिलं, तरी लिफ्ट जागीच थांबते, कारण ती माणसांपेक्षा शहाणी आहे. मी पिक काढून गुपचूप खिशात टाकली.

मागून मावशीने ते पाहिलं.

"एक्स्प्रेस," ती हळूच म्हणाली, "तू समितीला लिफ्टमध्ये अडकवलंस?"

"मुद्दाम नाही."

"मुद्दाम अडकवलं असतंस तर निदान डोकं चाललं असं म्हटलं असतं. चल, वर जा."

अशा वेळी करायचं काम ठरलेलं आहे. लिफ्ट नुसती पुन्हा चालू करायची नाही, कारण का थांबली ते नीट तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं. मुख्य स्विच बंद. ब्रेक हाताने सैल करायचा आणि मोठं चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याशी आणायची. मावशी तिसऱ्या मजल्यावर दाराच्या फटीशी उभी राहिली, कानाला फोन लावून. मी वर चाकाशी, माझ्याही कानाला फोन. पोस्टमन मध्ये जिन्यात उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण निरोप असतील तर आपण मध्ये असावं असं त्यांना वाटतं.

"सचिव काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, चौथ्या मजल्यावर घ्या. प्रात्यक्षिक चौथ्यावर आहे, पत्रात तसं लिहिलंय."

"आणि अध्यक्ष?"

"ते म्हणतायत पहिल्यापासून सुरू करा. त्यांना घरी जायचंय."

"लिफ्ट आहे कुठे नेमकी?"

"तिसऱ्याच्या हातभर खाली."

"मग तिसरा. सर्वांत जवळचा मजला. दुसरा प्रश्नच नाही."

हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या दिवशी पाठ केलं होतं. माणसं अडकली की त्यांना हवा तो मजला नाही, जवळचा मजला. कुणी कितीही ओरडलं तरी. आतापर्यंत निदान तीस वेळा मी तसं केलं असेल.

मी ब्रेक सैल केला आणि चाक फिरवू लागलो. दोन माणसं असली की लिफ्ट वर जायला हलकी असते, कारण पलीकडचं वजन तिला ओढतं. बोटभर फिरवलं की बोटभर वर.

"वीतभर राहिलं," फोनमध्ये मावशी. "चार बोटं... दोन बोटं... एक..."

आणि चाकावर हात तसाच ठेवून मी थांबलो.

सी शार्पवरून सी. एक बोट. कॉर्ड बदलते तेव्हा मी सी शार्पवर उभा असतो आणि डी सेव्हनचा सातवा मजला, सी, तिथेच असतो, एक बोटभर खाली. मी मात्र सचिवांना अडकलेल्या लिफ्टमधून काढून, खाली रस्त्यावर नेऊन, दुसऱ्या इमारतीत पहिल्यापासून चढवत होतो. दर कॉर्डला. बिचारे सचिव.

"मावशी, मला कळलं!"

"आधी त्यांना बाहेर काढ! ते अजून बोटभर खाली आहेत!"

मी त्यांना बोटभर वर आणलं. "तिसरा मजला!" मावशीचा आवाज सबंध जिन्यात घुमला. "कपडे, टाय, गळपट्टे!" सचिव बाहेर आले आणि घोषणा ऐकून दुकान शोधू लागले.

"चौथा मजला कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"एक जिना वर," मावशी म्हणाली. "या, मी दाखवते."

ते वर आले तेव्हा चांगलेच तापले होते. घाम पुसत पहिल्या रांगेत बसले, मांडीवर पत्र, पत्रावर पेन. अध्यक्ष दोन खुर्च्या सोडून बसले, हातात बॅट. मी लिफ्ट तपासली, दोनदा रिकामी वरखाली केली, चालू केली आणि धावत येऊन गिटार गळ्यात घातली.

"माफ करा," मी सचिवांना म्हणालो. "चूक माझी होती. दाराच्या खाचेत माझी पिक राहिली होती."

"याची नोंद घेतली जाईल," ते म्हणाले. "वाजवा."

गाणं बारा बारचं आहे, म्हणजे चार-चार ठोक्यांची बारा घरं. पहिली चार ए सेव्हनची, मग दोन डी सेव्हनची, आणि पुढे असंच. डॉक्टरांनी हळुवार मोजलं. मावशीने कॉर्ड धरल्या. एक आवर्तन तिने नुसतं सुरेख वाजवलं, मग माझ्याकडे बघून हनुवटी उचलली.

मी सोलोला सुरुवात केली. ए सेव्हनच्या तिसऱ्या मजल्यावर, सी शार्पवर, जरा रेंगाळलो. चौथा बार संपत आला. बोट एक फ्रेट खाली सरकवायचं, झालं. मी तयार होतो. पाचवा बार आला.

टिंग.

लिफ्ट. ई फ्लॅट. दार उघडलं आणि आत टेबल टेनिस मंडळाचे दोन सभासद होते, अर्धं टेबल उभं धरून. वेळ आपल्यालाच मिळणार याची त्यांना इतकी खात्री होती की टेबल ते हप्त्याहप्त्याने आणत होते. टेबल दारात तिरकं अडकलं. दार मिटू लागलं, टेबलाला लागलं, पुन्हा उघडलं. टिंग.

सचिवांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशीकडे पाहिलं तर ती कॉर्ड वाजवत होती आणि माझ्याकडे अजिबात बघत नव्हती. तिच्या मानेची शीर मात्र ताणलेली होती. अकरा वर्षांचे रविवार त्या शिरेत होते.

मी मनात म्हटलं, ई फ्लॅट. अडकलेला माणूस. जवळचा मजला कुठला?

डी सेव्हन चालू होती. डी, पहिला मजला, एक बोट खाली. घंटेने म्हटलेला ई फ्लॅट मी गिटारवर पुन्हा म्हटला, जणू ती घंटा मीच वाजवायला सांगितली होती, आणि अलगद डीवर उतरलो. दार उघडलं. भांडीकुंडी, बादल्या.

पोस्टमननी चमकून वर पाहिलं.

सातवा बार, पुन्हा ए सेव्हन. टिंग. जवळचा मजला? ई. पाचवा. एक बोट वर. ई फ्लॅट, ई. खुर्च्या, पलंग, बसा निवांत. अध्यक्षांच्या बॅटने खुर्चीच्या दांड्यावर ठोका दिला. त्यांचं त्यांना कळलं नसावं.

नववा बार, ई सेव्हन. आता मी घंटेची वाट बघत होतो. ती वाजली नाही. मला वाईट वाटलं. मग ती वाजली, अर्धा ठोका उशिरा, पोस्टमनच्या चालीने. ई फ्लॅट, आणि एक बोट खाली डी. सातवा मजला, खेळणी! आणि सातव्यावर कुणाला शांत उभं राहवत नाही. डीवरून सी शार्प, सी शार्पवरून सी, मग पुन्हा सी शार्प. कॉर्ड खालून बदलत होत्या आणि मी रस्त्यावर एकदाही उतरलो नाही. प्रत्येक वळणावर बोटभर अंतरावर कुणीतरी दार उघडं धरून उभं होतं.

दुसऱ्या आवर्तनात मावशी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, "तिसरा... सातवा... तिसरा..." आणि शेवटी मी ए सेव्हनवर आलो, खरा पहिला मजला, या गाण्यात पहिल्यांदाच सावकाश चालत. डॉक्टरांनी झांजेवर एकच थाप दिली. जराशी जोरात. नंतर त्यांनी झांजेला सॉरी म्हटलं.

मग दारात अडकलेले ते दोघं टाळ्या वाजवू लागले. टाळ्यांसाठी हात सुटले, टेबल आतल्या बाजूला कलंडलं आणि त्यांना घेऊन लिफ्ट खाली गेली.

सचिव उभे राहिले. "गिटार हरवली नाही," ते पत्रावर लिहिताना मोठ्याने म्हणाले. "गिटार प्रत्येक वेळी जागेवर आढळली." आणि सही केली.

"अहो पण आमचं टेबल..." अध्यक्ष म्हणाले.

"शनिवारी या."

"शनिवारी चालेल," अध्यक्ष म्हणाले, आणि जाता जाता मला हळूच विचारलं, "ती घंटा तुम्हीच बसवली होती ना?"

मावशी गिटार पुसत होती. खरं तर सोमवार उजाडला नव्हता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तिने पाठ ताठ केली.

"चौथा मजला," ती म्हणाली, अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल इतकं. "उतरा, एक्स्प्रेस. आलं तुमचं ठिकाण."

मी नाक पुसायला दाराशी गेलो. तिथे तक्रारवही होती. तीत मी पुढील मजकूर लिहिला आहे आणि त्याची प्रत समितीला रीतसर दिली आहे:

'माननीय सचिव, सभागृह समिती, यांस सविनय. विषय: लिफ्टला बँडची पाचवी सदस्य म्हणून मान्यता मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर लिफ्टने रविवारी कोणताही पूर्वसराव नसताना तीन वेळा वेळेवर, एकदा पोस्टमनच्या वेळेवर, साथ दिली. तरी यापुढे रविवारी दुपारी तीन ते पाच तिच्याकडून माणसांची ने-आण करून घेऊ नये, कारण त्या वेळी ती कामात असते. ने-आण अगदीच अटळ असल्यास प्रवाशांनी पाचव्या, सातव्या किंवा नवव्या बारमध्येच चौथ्या मजल्यावर पोचावे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी जवळच्या मजल्यावर उतरून पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी. तिची घंटा बदलू नये. तिला बसायला खुर्ची द्यावी. कळावे.'